ट्रायलची माणसं

"बेचाळीस," काट्याकडं बघत सलीमचाचा म्हणाले.

"साठ पाह्यजे," शेठ म्हणाले. "हिच्या मांडीवर एक गोणी ठेवा."

मी कापूस तोलायच्या काट्यावर उभी होते. चपला काढून. जिनिंग मिलमधून आणलेला जुना काटा होता तो. माझ्यामागं इंदूबाई, तिच्यामागं आणखी चौघी. सहा जणी रांगेत. पार्कचे मालक शेठ खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि एकेकीचा आकडा ऐकत होते. इंदूबाई अठ्ठावन्न भरली तेव्हा ते म्हणाले, "हे बरं हाये. हिले गोणी नको."

हे यवतमाळ शहराबाहेरच्या एका पार्कमधलं. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, पाळणे. मी तिथं बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या झाडायची आणि लोकांना ट्यूब द्यायची. मारेगावकडच्या एका पोडावरची मी. पोड म्हणजे आमची कोलामांची वस्ती. आश्रमशाळेत बारावी केली. पुढं काही झालं नाही म्हणून इकडं आले. इंदूबाई माझ्या मावशीच्या वयाची. शहराच्या कडेला एका खोलीत आम्ही दोघी राहायचो.

यंदा पार्कात मनोरा आला. उंच लोखंडी खांब, त्याच्याभोवती सहा खुर्च्या. माणसं बसवायची, खांद्यावरून लोखंडी दांडा ओढून पक्का करायचा, वर न्यायचं आणि एकदम खाली सोडायचं. रोज सकाळी गेट उघडायच्या आधी तो भरून चालवून बघावा लागतो. पहिले आठ दिवस वाळूच्या गोण्या बांधल्या. वाळू सांडायची. एका पाहुण्या बाईची पांढरी पँट मळली, तिनं ऑफिसात जाऊन भांडण केलं. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "गोण्या कायले पाह्यजे? ह्या बाया काय करून राह्यल्या सकाळी?"

तेव्हापासून आम्ही सहा जणी. गोणी फक्त माझ्या मांडीवर.

पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. खाली आले तरी श्वास रोखलेलाच होता. सलीमचाचांनी दांडा सोडला. ते तिथले मिस्त्री. हळूच म्हणाले, "बेटा, सांस घे." तेवढ्यात शेठचा आवाज आला.

"उतरल्या की सीटा फिनाईलनं पुसून घ्या. पाहुणे बसतात तिथं."

मी पुसली. मी बसले होते तीच खुर्ची मीच पुसली. पाच मिनिटांसाठी माझं अंग लागलं होतं तिला. आणि खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. घासून पुसली. चांगली पुसली की नाही हे वळून बघितलं.

याच उन्हाळ्यात घाटंजीच्या रस्त्याला दुसरं पार्क निघालं. आमच्यापेक्षा मोठं. लोक तिकडं वळायला लागले. शेठ रोज चिडलेले. एक दिवस त्यांनी मला आणि इंदूबाईला ऑफिसात बोलावलं.

"तुम्ही दोघी उद्या तिकडं जा. तिकीट काढून. सगळ्या राइडवर बसा. कसे बोलतात, कसे वागवतात, पाहून या. तू लिहिता येणारी हायेस, लिहून आण."

मी विचारलं, "आम्हीच काहून, शेठ?"

"माह्या मॅनेजरले वळखतात ते. तुमचं तोंड कोणाच्या ध्यानात राह्यते?"

हे ते हसत म्हणाले. वाईट बोलावं म्हणून बोललेच नाहीत. पाऊस येईल असं वाटते, म्हणावं तसं.

शेठच्या घरून त्यांच्या मुलीचे दोन जुने ड्रेस आले. इंदूबाईच्या दंडात बाही अडकत होती. आम्ही खोलीत एकमेकींकडं बघून खूप हसलो. सकाळी टेम्पोत बसलो. तोच टेम्पो दोन्ही पार्कांच्या कामावरच्या बायका घेऊन जायचा. त्या दिवशी आम्ही पुढच्या पार्कला उतरलो.

गेटवर एक मुलगी होती. तिनं आमच्या मनगटावर शिक्का मारला आणि हात जोडले. "या मॅडम."

मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

तिकडची एकेक गोष्ट मी वहीत लिहिली. ट्यूब नव्या, हवा भरलेल्या. आमच्याकडं निम्म्या पंक्चर. घसरगुंडीच्या वर उभा माणूस आधी विचारतो, दम्याचा, हृदयाचा त्रास आहे का. आमच्याकडं शिटी वाजवतात आणि मागून ढकलतात. त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे. जेवणाच्या रांगेत कोणी ओरडत नाही. मोठा पाळणा आमच्यासारखाच, पण आवाज कमी.

त्या मोठ्या पाळण्यावर आम्ही बसलो आणि तो मध्येच बंद पडला. आमचा डबा वर. इंदूबाईनं माझा हात धरला. खालून लगेच एक माणूस भोंग्यावर बोलायला लागला. चष्मा, निळा शर्ट. तिथला मॅनेजर. "घाबरू नका. आम्ही इथंच आहोत. दहा मिनिटं लागतील. कोणाला चक्कर येत असेल तर हात वर करा." तो दहा मिनिटं हलला नाही. दर मिनिटाला बोलत राहिला. उतरल्यावर त्यानं एकेकाला लिंबाचं सरबत दिलं. मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

मी ग्लास हातात घेतला आणि रडायला लागले. तो घाबरला, पाण्याची बाटली आणायला पळाला. त्याला वाटलं मी भ्यायले. मला कोणी आजवर माफ करा म्हटलं नव्हतं. आश्रमशाळेत नाही, शेतावर नाही, कुठंच नाही.

वहीत मी शेवटी लिहिलं, 'राइड बंद पडली तर हे लोक वर अडकलेल्या माणसाशी बोलत राहतात.'

शेठनी वही वाचली. "सरबताचं बरं हाये," म्हणाले. दोन दिवसांत गेटजवळ सरबताचा ड्रम आला आणि 'पाहुणा हाच देव' असा बोर्ड लागला. शेवटच्या ओळीबद्दल ते काही बोलले नाहीत. ड्रेस मी धुऊन परत नेले. शेठच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "राहू दे तुलेच. आता ते आमच्या काय कामाचे?"

मे महिना. सकाळची ट्रायल. आम्ही सहा जणी बसलो, माझ्या मांडीवर गोणी. मनोरा वर गेला, शेंड्याला थांबला. खाली आलाच नाही.

आधी वाटलं, सोडतील. मग खाली माणसं जमली. वरून डोकीच दिसत होती, पण लोखंडी खांबाच्या कडेनं बोलणं वर येत होतं.

सलीमचाचा म्हणाले, "पूरी लाइट बंद करा लागते, शेठ. ब्रेक हातानं सोडतो. अर्धा-पाऊण तास लागन."

"पूर्ण पार्कची?"

"हां. लाटांची मशीन बी."

"दहाले लग्नाचे पाहुणे येऊन राह्यले नागपूरहून. दोन बसा भरून. वर पब्लिक हाये का?"

"नाही. आपल्याच बाया हायेत."

"मंग दुपारी पाहू. ते जेवाले बसले की."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. इंदूबाईनंही ऐकलं. ती खाली वाकून ओरडायला लागली, "शेठ, ओ शेठ." शेठ चालत ऑफिसकडं गेले. पळत नाही. चालत.

यवतमाळचं मेचं ऊन. दांड्याचं लोखंड खांद्याला भाजत होतं. हलता येत नव्हतं, दांडा खालूनच सुटतो. गोणीनं माझ्या मांड्या आधी दुखल्या, मग बधिर झाल्या. ती ढकलून दिली असती तर सुटले असते. पण दहा वाजता गेट उघडलं आणि खाली लहान पोरं धावायला लागली. मी दोन्ही हातांनी गोणी धरून बसले.

गाणी लागली. खालची माणसं वर बोटं दाखवायला लागली. इंदूबाई हात हलवायला लागली, जोरजोरात. आम्हाला खाली घ्या, म्हणून. तेव्हा भोंग्यावर आवाज आला.

"मनोऱ्यावर पहा, मंडळी. आमची टीम खास तुमच्यासाठी करून दाखवत आहे. जोरदार टाळ्या."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. लग्नाचे पाहुणे, बायका, म्हातारे. मोबाइल वर करून शूटिंग घेतलं. इंदूबाई हात हलवत होती, ते खालून हात हलवत होते. एका बाईनं कडेवरच्या लेकराचा हात धरून आम्हाला टाटा केला. मग इंदूबाईनं हात खाली घेतला. पुन्हा वर केला नाही.

बाकी चौघींतली एक देवाचं नाव घेत होती, तीही गप्प झाली. खूप वेळानं मला पाणी पडल्याचा आवाज आला. इंदूबाईच्या खुर्चीखालून थेंब पडत होते. तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. मी दुसरीकडं बघितलं. तेवढंच करता येत होतं मला.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा एक वाजला होता. लाइट गेली, गाणी थांबली. कुरकुरत खुर्च्या खाली आल्या. सलीमचाचांनी माझ्या मांडीवरची गोणी उचलली तरी मला उठता आलं नाही. इंदूबाई लुगड्याचा पदर पुढं धरून उभी होती. शेठ आले. आमच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं नाही, खुर्चीकडं बघितलं.

"पहिले सीट धू," इंदूबाईला म्हणाले. "पाहुणे जेवण करून इकडेच येतीन."

इंदूबाई बादलीकडं वळली. मला वाटतं, तेव्हाच माझ्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. खुर्ची धरून मी उठले.

"इंदूबाई नाही धुणार," मी म्हणाले.

"मंग तू धू."

"मी बी नाही धुणार."

"मंग कोण धुईन?"

"तुम्ही पाहा."

शेठनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तोंड ध्यानात ठेवल्यासारखं. "कोलामाची पोरगी मले शिकवते का? जाय. उद्यापासून येऊ नको."

मी गेटकडं निघाले. दोनदा वळून बघितलं, इंदूबाई येते का. ती खाली बसून खुर्ची धूत होती. मी तिला काही म्हणत नाही. तिची मुलगी कॉलेजात होती. पण त्या दुपारी रस्त्यावर एकटी चालताना मला मनोऱ्यापेक्षा तेच जास्त लागलं.

सलीमचाचा मागून सायकलवर आले. "बेटा, मशीनच्या किताबमध्ये लिहून हाये, ट्रायलले माणूस बसवू नये. चित्र हाये, माणसावर फुली मारेल हाये." त्यांनी मोबाइलवर पानाचा फोटो पाठवला. "माहं नाव नको घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी घाटंजीच्या रस्त्याच्या पार्कला गेले. काम मागायला. तोच निळ्या शर्टाचा मॅनेजर. मी त्याच्यापुढं उभी राहिले. मला वाटलं, हा माणूस वेगळा आहे.

"झाडझुडीचं काम आहे," तो म्हणाला. "उद्या साडेसातला ये. आधी राइडच्या ट्रायलला बसावं लागतं. वजन किती तुझं?"

मी म्हणाले, "साहेब, मी मागं इथं आलती. पाळण्यात अडकली होती. तुम्ही मले मॅडम म्हटलं होतं. सरबत देलतं."

त्यानं आठवून बघितलं. आठवलं नाही.

"तेव्हा तिकीट असेल ना," तो म्हणाला. शांतपणे. रागानं नाही.

मी पोडावर परत गेले. माय जंगलात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं, तोडायला जात होती, मीही जायला लागले. रात्री तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बस ना मंग. पाच मिनटाचं तर काम हाये. इथं काय ठेवलं?" मायचंही खरं होतं. एका पार्कात गोणी, दुसऱ्या पार्कात गोणी, नाहीतर पहाटेपासून जंगल. मी चार दिवस पानांचे पुडे बांधले आणि चारही दिवस तोच विचार केला. तिकडच्या पार्कात मी रडले होते, ते आठवून माझीच मला लाज वाटत होती. मी वहीत लिहिलं होतं की ते चांगले आहेत. ते तिकिटाशी चांगले होते. माणूस त्यांनी बघितलाच नव्हता, शेठसारखाच.

पाचव्या दिवशी अर्ज लिहिला. दोन्ही पार्कांविरुद्ध. फोटो जोडला. सलीमचाचांचं नाव घातलं नाही. यवतमाळला जाऊन तीन सरकारी ऑफिसं फिरले. एकानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसरीकडं. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबानं अर्ज उलटासुलटा करून विचारलं, "तुमची तक्रार ग्राहक म्हणून आहे का?"

"नाही. वर बसवतात ती बाई म्हणून."

"असा रकाना नाही."

"मग कोऱ्या कागदावर घ्या," मी म्हणाले. शिक्का मारून पोच घेतली तेव्हाच तिथून उठले. त्याला महिना झाला. अजून कोणी आलं नाही. मनोरा चालू आहे. माझ्या जागी दुसरी पोरगी बसते, उमरीकडची, अठरा वर्षांची. हे मला इंदूबाईनं फोनवर सांगितलं. बोलता बोलता ती रडली आणि म्हणाली, "तू गेली ते बरं झालं." मी म्हणाले, "बरं नाही झालं. तू अजून बसतेस ना."

काल मी परत शहरात आले. इंदूबाईच्याच खोलीत उतरले. उद्या सकाळी सहाला दोन्ही पार्कांचा टेम्पो नाक्यावर येईल. बारा-तेरा बाया असतात त्यात. मी त्याच्यापुढं उभी राहणार आहे. फोटोचं पान मोठं छापून आणलंय. एकेकीला दाखवणार, वाचता येत नसेल तिला वाचून सांगणार. शेठ पोलीस बोलावतील, बोलावू देत. टेम्पोवाला हॉर्न वाजवेल. माय म्हणते, तुला कुठंच काम मिळणार नाही. नसेल मिळत. काम मी करीन, संडास धुवीन, रस्ता खोदीन. पण कोणाच्या मजेसाठी आधी मरून बघायला मी बसणार नाही, आणि माझ्यासमोर दुसरीला बसू देणार नाही. इंदूबाई विचारते, उद्या कोणी ऐकलं नाही तर? मग परवा उभी राहीन.