फ्लॉपीवरचं कुंकू
दसऱ्याला सुनेनं लॅपटॉपला कुंकू लावलं, आणि मला ऐंशीच्या दशकातला माझा नागपूरचा कॉम्प्युटर क्लास आठवला. उमरेडहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं चार महिने खपून एक प्रोग्राम लिहिला होता. "कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल," असं सांगून मीच तिला तो घेऊन नोकरीच्या मुलाखतीला पाठवलं. तिथल्या नव्या मशीनवर तो चाललाच नाही. "मायनं फ्लॉपीले कुंकू लावलं होतं सर, मी तिले खूप बोलली," ती रडत म्हणाली. लेबलवरचं कुंकू पुसून मी फ्लॉपी आमच्या मशीनमध्ये घातली, तर प्रोग्राम झरझर चालला. तिथली चिपच वेगळी होती, आमच्या चिपसाठी लिहिलेलं त्या चिपला कळणारच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "म्हणजे कुंकवानंच घात केला ना?" तिनं विचारलं, आणि मी मान डोलावली. लॅपटॉपवरचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही.