साखळीवरचं जस्त

जगातला सगळा अन्याय टोकांपासून सुरू होतो, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत, आणि ते नेमके माझे चुलत सासरे निघाले. काकांची उभी हयात फरिदाबादच्या एका कारखान्यात लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्यात गेली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात लोखंड बुडवून करंट सोडला, की जस्त कडांवर आणि कोपऱ्यांवर थरावर थर चढवतं आणि खाचाखोचा कोरड्या ठेवतं. एखादा कण जरा वर आला, की पुढचे सगळे त्याच्याच डोक्यावर जाऊन बसतात. हे ज्ञान काकांनी कारखान्यात ठेवून यायला हवं होतं. ते त्यांनी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी आणलं. टोस्टवरचं लोणी ते उजेडात धरून तपासतात. आमच्या लग्नाच्या पंगतीत ते मुद्दाम मधोमध बसले आणि श्रीखंड येईपर्यंत वाढप्याकडे रोखून पाहत राहिले. शेजारच्या सरदारजींनी कौतुकाने नवी गाडी दाखवली, तर हे बॉनेटखाली वाकून म्हणाले, “भाईसाहब, बाहर से तो बढिया है. अंदर के कोने किसने देखे?” त्या गाडीत त्यांना अजून कोणी बसवलेलं नाही.

या सगळ्याचा खरा जाच झाला तो काकूंना. बाल्कनीतल्या झोपाळ्यावर दोघांनी मिळून संध्याकाळचा चहा घ्यायचा, ही त्यांची एकुलती एक चैन. साखळी गंजून साड्यांना डाग पडू लागले, तेव्हा काकांनी ती उतरवली आणि तिथेच एका टबात जस्त चढवायला घेतलं. पण कडी जिथे कडीला टेकते, तिथे जस्त पोचता पोचत नाही. काका साखळी हलवायचे, पुन्हा बुडवायचे, भिंगातून बघायचे आणि चढलेलं सगळं काढून टाकायचे. काकू प्लास्टिकच्या खुर्चीत एकट्या चहा प्यायच्या.

“अहो, बाजारातून आणा ना एक.”

“बाजारातली? बिल्कुल नाही. तो नुसता देखावा असतो.”

मग काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेल्या, आणि लेकीने त्यांना तिथेच ठेवून घ्यायचं मनावर घेतलं. चार दिवस सामान आवरायला म्हणून त्या येणार, असं कळलं. काकांचं धाबं दणाणलं. “झोपाळा टांगलेला हवा, यार,” ते मला म्हणाले. “नाहीतर ती राहील कशासाठी?” आणि घाईघाईत त्यांनी तेच केलं, जे जन्मभर दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. करंट वाढवला. साखळीवर जस्ताची काळपट, काटेरी लव उगवली आणि बोट लावताच भुरभुरली. काका बराच वेळ बोटाकडे बघत बसले. मला त्यांची फार दया आली. शेवटी उठून म्हणाले, “चलो, पहाडगंजच्या बाजारात जाऊ.”

काकू आल्या त्या काठी टेकत सरळ बाल्कनीत. झोपाळ्यावर बसून त्यांनी साखळीवरून हात फिरवला.

“जमली म्हणायची!”

“नाही. ही बाजारातली. माझी बिघडली.”

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हे वाक्य काकू पहिल्यांदाच ऐकत असाव्यात.

“राहते मी इथेच. सांगते पोरीला तसं,” त्या म्हणाल्या. “पण मग आधीच नाही का आणायची? किती संध्याकाळी गेल्या हो आपल्या.”

काका शेजारी बसले आणि पाय टेकवून त्यांनी हळूच झोका दिला, गुडघ्याला धक्का लागणार नाही इतपतच.