अक्काचा बाप्तिस्मा खोटा नव्हता

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताट अक्कापुढं आलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात पुढं केला. तेवढ्यात शेठनी ताटावर पंजा आडवा धरला.

"हिला नको. हिचं अजून झालं नाही."

ताट तिला ओलांडून माझ्याकडं आलं. मी पेला उचलला. प्यालो.

अक्काचा हात तसाच हवेत होता. मग तिनं तो मांडीवर ठेवला, जसं काही मागितलंच नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा. स्वतःचं लग्न मागं टाकून तिनं मला वाढवलं. भोकरजवळच्या आमच्या गावात मिशनचं कौलारू चर्च आहे. तिथं पाळकानं माझ्या टाळूला पाणी लावलं तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. तिचाही बाप्तिस्मा तिथलाच, तान्हेपणीचा.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत जनावर ओळखायला शिकलो. आज लातुरात माझं घर आहे, ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. घर झालं तसं अक्काला घेऊन आलो. जवळ चर्च कुठलं, तर शेठच्या डाळमिलच्या गोदामावरचा हॉल. शेठ पेठेतल्या जुन्या व्यापारी घरातले. मोठ्या आजारातून उठले आणि ख्रिस्ताकडं आले. त्यांच्या विश्वासावर मला शंका नाही. पण मंडळीत सगळे ब्रदर, ते मात्र शेठ.

तिथला नियम एकच. मोठेपणी पाण्यात पूर्ण बुडायचं, आणि आत्म्यानं भरून अन्य भाषेत, म्हणजे कधी न शिकलेल्या, देवानं तोंडी घातलेल्या भाषेत बोलायचं. दोन्ही झालं तरच खरा विश्वासी. तान्हेपणी लावलेलं पाणी मोजायचं नाही.

पहिल्याच दिवशी शेठ हसत म्हणाले, "तुम्ही मिशनवाले. तुमच्या आज्यानं दुष्काळात मिशनच्या ज्वारीसाठी बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. आम्ही घरचे देव सोडून आलो."

चारचौघं हसले. बाजारात कुणी असं बोललं असतं तर मी गचांडी धरली असती. इथं गप्प बसलो. मनात ठरवलं, तुझ्या पहिल्या रांगेत बसून दाखवतो.

बाजारात मी एक गोष्ट शिकलोय. गिऱ्हाइकाला काय बघायचंय ते ओळखायचं आणि तेच पुढं करायचं. मिलच्या मागच्या हौदात बुडालो. मग प्रार्थनेला गुडघे टेकले. डोक्यावर पाच-सहा हात. पास्टर कानात ओरडत होते, "जीभ सोडा, ब्रदर, जीभ सोडा." काहीच येत नव्हतं. गुडघे दुखायला लागले. शेवटी सोडली जीभ.

"मंचि एद्दु, नालुगु पल्लु, धर एंत. मंचि एद्दु, नालुगु पल्लु, धर एंत."

देगलूरच्या पलीकडच्या बाजारात शिकलेली तेलुगू. चांगला बैल आहे, चार दात आहेत, किंमत काय. रडवेल्या आवाजात, अंग हलवत म्हटलं. हॉल उसळला. शेठनी डोळे मिटून अर्थ सांगितला, "आत्मा म्हणतोय, लातूर शहर जागं होणार आहे."

मला पहिली रांग मिळाली. घरी येऊन एकटाच हसलो. अक्का हसली नव्हती. ती माझ्याकडं बघतच राहिली होती, भरल्या डोळ्यांनी.

खरा घोटाळा तिथून झाला. अक्का पहाटे उठून चुलीपुढं मनातल्या मनात प्रार्थना करणारी बाई. ओठसुद्धा हलत नाहीत तिचे. तिला दर रविवारी गुडघ्यावर बसवू लागले. तिच्या तोंडून शब्द निघेना. तिनं उपास धरले. भाकरी ताटातच वाळायची.

एकदा मला म्हणाली, "तुला एवढ्या लौकर मिळालं रे. मला काऊन न्हाई? माझ्यातच काय तरी हाय. ते गावातलं पाणी मला लागूच झालं न्हाई का?"

तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हणालो, "होईल, अक्का. धीर धर." वर त्या रविवारी, तिला ओलांडून आलेल्या ताटातला पेलाही प्यालो.

पुढच्या आठवड्यात तिचं बुडणं ठरलं. हौदाच्या काठावर ती पांढऱ्या लुगड्यात उभी. उपासानं गळ्याची हाडं वर आलेली. पास्टर म्हणाले, "आधी सगळ्यांसमोर सांगा, बाई. माझा पहिला बाप्तिस्मा खोटा होता."

अक्काचे ओठ हलले. आवाज नाही.

शेठ म्हणाले, "म्हणून टाक की. तुझा भाऊच बघ, कसा भरून गेलाय."

माझं डोकं फिरलं. पुढं झालो.

"शेठ, मी काय बोललो होतो म्हायती का? चांगला बैल, चार दात, किंमत काय. तेलुगू हाय ती. देगलूरकडं कुणालाबी इचारा. तुम्ही त्याचं लातूर शहर केलं."

पास्टर खाली बघू लागले.

शेठ हळूच म्हणाले, "मिशनवाल्यांचं पाणी. आत कधी मुरतच नाही."

"मुरलंय," मी म्हणालो. "तिच्यात मुरलंय. माझ्यात न्हाई मुरलं, म्हणून तर तुमच्या पसंतीला आलो."

अक्काला रिक्षात घातलं. मला वाटलं होतं, ती हात धरेल. ती बाहेर बघत राहिली. घर आल्यावर म्हणाली, "मी तुझ्याकडं बघून उपास धरले व्हते."

एवढंच. आता ती पहाटे उठते, चूल पेटवते आणि भिंतीकडं बघत बसते. मी विचारलं तर म्हणते, "खरं कुणाचं मानू?" मागितलेल्या माफीनं तिची प्रार्थना परत आली नाही.

काल हॉलमधली एक तरुण बाई घरी आली. दार लोटून घेऊन म्हणाली, "दादा, मला पण येत नाही. घरातले म्हणतात, माझ्यात भूत आहे. तुम्ही बोललात ते शब्द मला शिकवा ना."

शिकवणं सोपं होतं. मी नाही म्हणालो. मग तिला विचारलं, तुझ्यासारखे अजून किती आहेत? ती रडायला लागली.

देवानं कुणाला भाषा दिली असेल, कुणाला नुसती शांतता. एकाचं माप दुसऱ्याला लावणारे शेठ कोण, आणि ते माप खोटं भरून देणारा मी कोण?

येत्या रविवारी मी मिलच्या फाटकात उभा राहणार. प्रत्येकाला नाव घेऊन सांगणार, मी खोटं बोललो आणि शेठनी ते देवाचं म्हणून घेतलं. शेठ माणसं घालून मला हाकलतील. त्याच्या पुढच्या रविवारी मी तिथंच असेन.