निऑनचं चांदणं

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कालिंदी उशाशी टेपरेकॉर्डर घेऊन आडवी होते. कॅसेट तिच्या गाण्याच्या गुरूंची, दाणीसरांची, सत्त्याऐंशी सालची, 'निऑनचं चांदणं'. तीस वर्षं पेटी-तबल्यावर गाणी बांधणाऱ्या या माणसानं साठीत सिंथेसायझर, ऑक्टोपॅड आणि विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाज, असं सगळं एकदम वापरलं. मिरजेत लोक म्हणाले, दाणी बिघडले. सर जाऊन वीस वर्षं झाली, तरी तेच म्हणतात. आज संध्याकाळी त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात कालिंदीला हीच गाणी गायची आहेत. तिनं ती धुऊनपुसून घेतली आहेत: नुसती पेटी आणि रफिकभाईंचा तबला. आधी दोन वाक्यं बोलायची, की सरांना कॅसेट कंपनीनं भरीला घातलं होतं. एकदाचं त्यांचं नाव स्वच्छ होऊ दे.

पहिलं गाणं संपतं. डोळे मिटतात. दाणीसर तिच्या ओट्यावर बसलेत, पाय हलवत.

"सर, उतरा. आत्ताच पुसलाय."

"मेलेल्या माणसाचे डाग पडत नाहीत, कालिंदे."

स्वयंपाकघराच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले आहेत, स्टुडिओत असतात तसे. चहा ठेवायला जावं तर शेगडीवर बर्नरच्या जागी ऑक्टोपॅडच्या काळ्या रबरी चकत्या. सर एकीवर चमचा मारतात. ढुम्म. डब्यातली डाळ थरथरते.

"संध्याकाळी काय सांगणारेस माझ्याबद्दल?"

"कंपनीनं तुम्हाला भरीला घातलं म्हणून."

"कंपनी? ती बिचारी हातापाया पडत होती, जुनंच द्या म्हणून."

"मग हा धुडगूस?"

"माझा."

"मी तुम्हाला वाचवायला निघालेय, सर."

"कशापासून? म्हातारपणी झालेल्या आनंदापासून?"

सरांचे पाय आता पाण्यात आहेत. कृष्णेचा घाट, पण पाणी गुलाबी-हिरवं. चमचा टेकला की वलयं पार पलीकडच्या काठापर्यंत जातात.

"हे बघ," सर म्हणतात, "एका बोटानं एवढं. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मला राहवलंच नाही. हसलो. ते पुसायचं राहून गेलं."

"कुणी कधी बोललं नाही."

"लोक नाक मुरडत होते. कान मोकळे कुठे होते?"

खट्. कॅसेटची बाजू संपलीय. ओटा कोरडा, शेगडी शेगडीसारखी.

कालिंदी चहासुद्धा न टाकता कॅसेट मागे घेते. तिसरं गाणं. शेवटचा ढुम्म घुमत घुमत विरतो आणि त्याच्या तळाशी, इतकी वर्षं तिनं टेपची खरखर समजून सोडून दिलेल्या जागी, एक हसू आहे. आखूड, दबलेलं, चोरून लाडू खाताना सापडलेल्या माणसाचं.

ती पुन्हा ऐकते. मग फोन लावते.

"रफिकभाई, तुमच्या बॅन्जो पार्टीतला ऑक्टोपॅड घेऊन या संध्याकाळी."

"दाणीसरांच्या कार्यक्रमात? ताई, वर बसून रडतील ते."

"नाही रडत," कालिंदी म्हणते, कॅसेट जराशी मागे घेते आणि फोन टेपरेकॉर्डरजवळ धरते.