वाळूवरची आखणी

सकाळच्या एसटीनं कोल्हापूर सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मोजमापाची जुनी फीत एवढंच सामान होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी फीत घेतल्याशिवाय मी गाव सोडत नाही. सगळी नोकरी लहानमोठे पूल बांधण्यात गेली, त्याची ही खोड.

जाण्याचं निमित्त एका भाषणाचं होतं. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी अर्धा तास बोललो होतो. पूर आला, दरड कोसळली, वादळ झालं की 'हवामान बदल' म्हणून मोकळं व्हायचं, ही नवी पळवाट निघाली आहे, हा माझा आवडता विषय. ओढे आपण बुजवायचे, नदीच्या पात्रात भराव आपण टाकायचे, आणि नाव घ्यायचं आभाळाचं! टाळ्या बऱ्या पडल्या. नंतर मूळचे मालवणकडचे मेस्त्री जवळ आले.

"तुमचं बोलणं आवडलं," ते म्हणाले. "माझ्या बहिणीचं घर आहे, अगदी समुद्राला लागून. मागच्या मोठ्या वादळात पाणी दारापर्यंत आलं होतं. आता पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधतायत आणि जागेवरून नवराबायकोची जुंपलीय. तुम्ही इंजिनीअर माणूस. चार दिवस जाऊन या. मासेही खाल."

मासे म्हटल्यावर मी हो म्हणालो.

राधानगरी मागे पडली, दाजीपूरचं जंगल आलं आणि फोंडा घाट उतरता उतरता कानात दडे बसले. अंगातला स्वेटर घाटाखाली आपोआप निघाला. रस्त्याकडेच्या काजूंना मोहोर आला होता आणि त्याचा गोडसर उग्र वास खिडकीतून आत येत होता. कणकवलीला शेजारी एक आजी बसल्या. मांडीवर नारळांची पिशवी. त्या मसुऱ्याला भराडीदेवीच्या जत्रेला निघाल्या होत्या.

"तुमी पण जत्रेक?" त्यांनी विचारलं.

"नाही, समुद्र बघायला."

"दर्यो काय खंय जाणा नाय," (समुद्र काही कुठं जात नाही) त्या म्हणाल्या. "आधी देवीक जावा."

मला ते फार पटलं. आपल्या बाजूचं बोलणारं माणूस प्रवासात भेटलं की बरं वाटतं.

मालवणहून रिक्षानं दक्षिणेकडे निघालो. रस्ता पुढे इतका निमुळता होतो की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे नारळ, घरं आणि वाळू. ज्या वाडीत उतरलो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घर चिऱ्याचं, कौलारू, शेणानं सारवलेलं मोठं अंगण. अंगणाच्या समुद्राकडच्या टोकाला नव्या चिऱ्यांचा (तांबड्या जांभ्या दगडांचा) ढीग रचलेला. त्यापलीकडे थोडी वाळू आणि मग थेट लाटा.

"येवा, येवा. आधी पाय धुवा," वासंतीताई, मेस्त्रींची बहीण, दारातूनच म्हणाल्या. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, सतत कामात असलेली बाई. त्यांचे यजमान बाबलभाऊ साठी ओलांडलेले, काटक, जन्मभर मासेमारी केलेले. ते ओसरीवर जाळ्याची भोकं शिवत होते.

जेवायला बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट दाट रस्सा), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी होती. मी तीनदा भात घेतला. पोट भरल्यावर बाबलभाऊ मुद्द्यावर आले.

"सायबानू, मी सांगतंय समोर बांधूया. पावणो येता तो दर्यो बघूकच येता. आणि ही म्हणता, मागे माडांत बांधा. थंयसर काय बघतलो? माडाची मुळा?"

"वादळाची भीती?" मी विचारलं.

"वादळा आमच्या आज्याच्या वेळाक पण होती. आता टीव्हीर सांगतत, हवामान बदलला. माझ्या जन्मात असला वादळ एकच बघलंय. एकावरसून काय ठरता?"

मला तर मिठीच मारावीशी वाटली. हेच वाक्य मी कट्ट्यावर बोललो होतो, जवळजवळ शब्दन् शब्द. वासंतीताई उष्टी ताटं उचलून आत गेल्या.

पहिले दोन दिवस मी आणि बाबलभाऊ जोडीनं हिंडलो. त्यांनी मला खाडीकाठ दाखवला, जिथून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावरचा दगडी बंधारा दाखवला. तो झाल्यापासून लाटांचा मार ह्या बाजूला सरकला, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावत होतो, मधूनमधून भर घालत होतो. किनारा खाल्ला जाण्याची ही कारणं खरीच होती. ती ऐकताना माझा उत्साह मात्र जरा जास्तच होता, हे आता कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढायला गेलो. होडीनं समुद्रात लांबलचक जाळं अर्धवर्तुळात टाकून येतात आणि मग पंचवीसतीस माणसं किनाऱ्यावरून त्याची दोन्ही टोकं ओढतात. मीही दोराला हात लावला. दहा मिनिटांत तळहात सोलून निघाले, आणि बाजूला काढून ठेवलेल्या माझ्या चपलांपैकी एक लाटेनं नेली. सगळे हसले. जाळं वर आलं तेव्हा बांगडे, तारली आणि काही झिंगे उन्हात असे चमकत होते की चपलेचं दुःख राहिलं नाही. बाबलभाऊंनी मला त्यांचे रबरी सपाते दिले. ते दोन बोटं मोठे होते, आणि उरलेले दिवस मी फटक फटक वाजवत फिरलो.

त्याच दुपारी एकटाच सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. परतताना होडीवाल्याला मी माझं पालुपद ऐकवलं, "समुद्र वाढतोय म्हणतात. एवढ्या शतकांत ह्या किल्ल्याचं काय बिघडलं?"

त्यानं वल्हं न थांबवता उत्तर दिलं, "किल्लो खडपार आसा, काका. आमची घरा रेवेर." (किल्ला खडकावर आहे. आमची घरं वाळूवर.)

मी किल्ल्याचा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी बाबलभाऊ बाजारात गेले होते. वासंतीताई ओसरीवर नारळ खवत बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, "ताई, तुम्ही काहीच बोलत नाही. तुमचं म्हणणं काय?"

खवणीवरचा हात थांबला नाही. "त्या वादळाचा ह्यांनी तुमका सांगल्यानी?"

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. दोन दिवस आधी इशारा आला होता. आजूबाजूच्यांनी होड्या खाडीत नेऊन बांधल्या. बाबलभाऊंनी नेली नाही. असे इशारे खूप येतात, वादळ बाहेरच्या बाहेर जातं, हे त्यांचं ठरलेलं. सकाळी वारा सुटला. दहाच्या सुमारास माड जमिनीला टेकतील असे वाकू लागले. आणि हा माणूस होडी वाचवायला दोर घेऊन वाळूत उतरला.

"लाट इली ती ह्यांच्या छातीर. होडी आडवी झाली आणि दोर ह्यांच्या पायाक गुंडाळलो. मी कोयतो घेवन धावलंय आणि दोर तोडलंय. होडी गेली. हे ऱ्हवले." त्यांनी खोबरं ताटात झटकलं. "सा म्हयने बावडेचा (विहिरीचं) पाणी खारा लागत होता. चाय पण खारी. वादळ कित्याक (कशामुळं) इला, माणसान आणला की देवान, तां तुमी दोघा बोला. माका तां कळणा नाय. पण पाणी खंयसर (कुठवर) इलेला, तां मी बघलंय."

त्यांनी खोबऱ्याची खापरोळी (नारळाच्या गोड रसात बुडवलेलं जाळीदार घावन) करून पुढ्यात ठेवली आणि विषय बदलला. खापरोळी अप्रतिम होती. पण दोर गुंडाळलेला पाय डोळ्यांसमोरून जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी गवंडी यायचा होता. त्याआधी आखणी करून द्यायची जबाबदारी माझ्यावर होती. बाबलभाऊंनी खुंट्या तासून ठेवल्या होत्या, सुतळी आणली होती. चिऱ्यांच्या ढिगाजवळ त्यांनी जागा दाखवली. मी पहिली खुंटी ठोकली. दुसरीकडे फीत ओढली आणि तिथंच थबकलो.

हे घर माझं असतं तर इथं पाया घातला असता का?

चार दिवसांत एकदाही मी स्वतःला हे विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीचा माझा पहिला पूल आठवला. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून मी पुराच्या जुन्या खुणा घेतल्या होत्या आणि त्यावर दोन हात उंची ठेवली होती. अलीकडच्या पुरात पाणी त्या पुलावरून गेलं. पात्रात भराव पडले होते म्हणून गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे. पण तसा पाऊसही त्या खोऱ्यात कुणी पाहिलेला नव्हता, हे अर्धं मी सांगत नाही.

"ताई," मी हाक मारली, "वादळात पाणी कुठवर आलं होतं, तिथं उभ्या राहा."

त्या घराच्या पायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आणि बाबलभाऊ, तुमच्या तरुणपणी भरतीचं पाणी कुठवर यायचं?"

ते वाळूतून चालू लागले. चिऱ्यांचा ढीग ओलांडला, कोरडी वाळू ओलांडली, ओली वाळू ओलांडली आणि पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात थांबून त्यांनी खाली पाहिलं. वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण वेगळंच.

"पाणी अजून फुडे होता," ते ओरडून म्हणाले. "हयसर आमच्या लग्नाचो मांडव होतो."

वासंतीताई पायरीवरून म्हणाल्या, "होय. आणि जेवणाची पंगत थंय, त्येंच्या मागे."

फीत माझ्या हातात तशीच लोंबत राहिली. एक पायरीवर, एक समुद्रात, आणि दोघांच्या मधे मी ठोकलेली खुंटी. मोजायचं काही शिल्लक नव्हतं. मी वाकून खुंटी उपटली.

बाबलभाऊ भिजल्या पायांनी परत आले. "सायबानू, चार दिस तुमी माझ्या बाजूक होतात मा?"

"होतो. अजून निम्मा आहे," मी म्हणालो. "पण घर निम्मं बांधता येत नाही. बंधाऱ्यानं असो, वाळूच्या उपशानं असो की आभाळानं असो, पाणी इकडे सरकलंय. आणि ते थांबेल असं मी तुम्हाला कागदावर लिहून देऊ शकत नाही."

त्यांनी वळून चिऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "मगे ह्ये चिरे मागे कोण नेतलो?"

"आपणच," वासंतीताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

गवंडी आला, रापणीतली चारपाच माणसं आली. साखळी करून आम्ही चिरे हातोहात माडांमागे नेले. मला फक्त उभं राहून चिरा पुढं सरकवायचं काम दिलं होतं, तरी दुपारपर्यंत कंबर बोलायला लागली. मधे कुळथाच्या पिठीबरोबर भात खाल्ला. मागच्या उंचवट्यावर नवी आखणी करून दिली, जोतं नेहमीपेक्षा तीन फूट वर घ्यायला सांगितलं. बाबलभाऊ अधूनमधून कुरकुरत होते, पण सुतळीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. घाट चढताना हवा पुन्हा गार झाली. हात दुखत होते, मन मात्र मोकळं होतं. एखादं वादळ बोट दाखवून माणसाच्या माथी मारणं सोपं नाही, हे मी आजही म्हणेन. वाळू उपसणाऱ्याला 'हवामान बदल' ह्या दोन शब्दांआड लपू देऊ नये, हेही म्हणेन. पण समुद्र तापतो आहे आणि तापलेल्या पाण्यावर वादळं बळावतात, हे मी वाचलं होतं आणि माझ्या मतात बसत नाही म्हणून बाजूला ठेवलं होतं. शंका घ्यायला मला आवडतं. ती स्वतःच्या मतावर घ्यायची राहून गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते कळलं नाही. हातात खुंटी आली आणि तिच्यावर दुसऱ्याचं घर उभं राहणार होतं, तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर वासंतीताईंचा फोन आला. खोल्या तयार झाल्या होत्या, पहिले पाहुणे येऊन गेले होते. घर आवडलं, जेवण आवडलं, पण एक तक्रार होती : खिडकीतून समुद्र दिसत नाही.

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी काय नाय. ह्यांनी सांगल्यानी," त्या हसत म्हणाल्या. "म्हणाले, बरांच झाला. दर्याक पण तुमी दिसणास नाय."