पोटाचा तुकडा

ओव्हनच्या काचेतून मी आत बघत बसले होते. जिताडा माशाच्या तुकड्यांवर रचलेले बटाट्याचे काप कडेने तांबूस होत होते. एक तुकडा मात्र उघडाच होता. त्याच्यावर बटाटा घालायला हात धजला नव्हता.

सकाळी बाजारात मी मासेवाल्या मावशींना सगळे काटे काढून द्यायला सांगितलं, तेव्हा त्यांचा कोयता थांबला. "घरान बारकं पोर हाय का गो?"

घरी नवऱ्याच्या ऑफिसातले पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर काटे काढत जेवणं मला गावंढळ वाटत होतं. हे मावशींना कसं सांगणार? मी म्हटलं, "हो." आम्हाला मूल नाही.

मावशींचा चेहरा एकदम निवळला. स्वतःसाठी बाजूला ठेवलेला पोटाचा तुकडा त्यांनी उचलला, काटा राहिला नाही ना म्हणून दोनदा चाचपला आणि माझ्या पिशवीत टाकला. "ह्यो पोराला भरव. लोण्यावानी हाय."

खोटं बोलताना वाटतं, कुणाचं काय जातंय! इथे एका बाईच्या ताटातला घास गेला होता.

पाहुण्यांनी कौतुक करत खाल्लं. तो उघडा तुकडा मी वाढला नाही. सगळे गेल्यावर ओट्याशी उभ्याने खाल्ला. खरंच लोण्यासारखा होता.

पुढच्या रविवारी मावशींनी लांबूनच विचारलं, "खाल्लं का गो पोरानं?"

"खाल्लं," मी म्हटलं. "आणखी मागत होतं."