पुढच्या सीटचा मान

नाशिक रोडच्या देवरामअण्णांनी निवृत्तीनंतर दोन सीटांची स्वस्तातली गाडी घेतली, तेव्हा अख्खी कॉलनी हसायला गोळा झाली. "अण्णा, मोठी कधी होणार ही?" असंही एकाने विचारलं. अण्णांना मात्र आखूडशिंगी, बहुदुधी गाय दारात बांधल्याचा आनंद झाला होता.

कारण त्यांच्या जुन्या गाडीने आयुष्यभर सोयरे वाहिले होते. लग्न असो की दहावा, सायखेड्याची सात माणसं हक्काने कोंबली जायची. पुढची सीट मानाची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची, पुंजादाजींची. अण्णांची बायको गोजराबाई मागे, मधोमध, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन. आता दोनच सीटा, म्हणजे नवरा आणि बायको! "तुझ्या भाच्याच्या लग्नाला सटाण्याला पुढं बसवून नेतो," असा शब्दही अण्णांनी दिला.

तीन महिन्यांत गोजराबाई त्या गाडीत बसल्या फक्त गाडीच्या पूजेच्या दिवशी. एरवी कुणी ना कुणी मानकरी हजर असायचाच, आणि अण्णांना नाही म्हणण्याची विद्या कधी आलीच नव्हती. गोजराबाई मात्र रोज सकाळी तासभर फिरायला जाऊ लागल्या.

लग्नाच्या सकाळी त्या नवी साडी नेसून बाहेर आल्या, तर गाडीत पुंजादाजी पट्टा लावून बसलेले.

"लय भारी गाडी हे देवराम! मागं सीटच नाय, मंजे बसंल तो मानाचाच!"

दाजींना उतरवायचं कुणी? शेवटी अण्णा बायकोला म्हणाले, "गोजा, तू यष्टीनं येते का?"

गोजराबाईंना राग आला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कशाला?"

"मानाच्या जागी दाजी बसले. चालवणाऱ्याची मोकळी हे." पर्समधून त्यांनी कोरं करकरीत लायसन काढलं. "सकाळी काय नुसती फिरायला जात होते मी?"

दाजींचा हात पट्ट्याकडे गेला. पण मानाच्या जागेवरून उठणं म्हणजे अपमान. ते डोळे मिटून बसून राहिले. गाडी दोन गचके खाऊन सुटली.

अण्णांना सटाण्याची यष्टी मिळाली. जागा शेवटच्या बाकावर, मधोमध. शेजारणीने विचारलंसुद्धा नाही, आपलं पोर त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं. सटाणा येईपर्यंत अण्णांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि गोजराने इतकी वर्षं तक्रार कशी केली नाही, हे त्यांना समजत नव्हतं.